दिवा निर्दोष आहे

आमच्या खजरान्यातल्या घराची न्हाणी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. बुधवारची गणपतीच्या दर्शनाची गर्दी ओसरली, देवळाकडून येणाऱ्या गाड्यांचे झोत भिंतीवरून फिरायचे थांबले, की रात्री दहानंतर ती माझी आणि माझ्या नातीची अंधारखोली होते. बादल्या बाहेर जातात, पाटावर एन्लार्जर चढतो, मोरीच्या कट्ट्यावर तीन ट्रे मांडले जातात आणि दाराच्या फटीला जुनी घोंगडी लावली जाते. सूनबाईंनी या उद्योगाला प्रथम विरोध केला. आता त्या फक्त दहाच्या आत सर्वांच्या आंघोळी उरकण्याची दक्षता घेतात.

या साऱ्याला दोन वर्षांपूर्वी माळ्यावरचा एक पेटारा कारण झाला. त्यात माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा एन्लार्जर, यशिका कॅमेरा, बटर पेपरात ठेवलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लाल दिवा असा ऐवज होता. नातीने एक पट्टी खिडकीशी धरून पाहिली आणि विचारले, "आजोबा, हे अजून चालतं?" चालते म्हणालो खरा; पण चालवायचे तर दोन वस्तू ठरवणे भाग होते. एक दिवा आणि दुसरे घड्याळ. बाकी सारे पैसे टाकले की मिळते. या दोन वस्तूंची निवड मात्र पैशाने होत नाही, आणि त्यांपैकी एकीच्या निवडीत आमच्या घरात एकदा असा घोटाळा झाला होता की त्याचा उलगडा व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर असा एखादा पेटारा असेल, म्हणून हे लिहितो आहे.

त्या काळी आम्ही रामबागेत एका जुन्या वाड्यात राहत होतो. अण्णा एका कचेरीत कारकून होते. छायाचित्रण हा त्यांचा धंदा नव्हे, व्यसन होते. दुसरे कोणतेही व्यसन नसल्यामुळे घरातल्यांनी ते चालवून घेतले. त्यांची अंधारखोली म्हणजे वाड्याची सामाईक न्हाणी. तिथे भिंतीकडे तोंड करून टांगलेली एक लाकडी पेटी होती. तिच्या पुढच्या बाजूला नारिंगी-तपकिरी काच आणि आत पंधरा वॅटचा दिवा. उजेड प्रथम भिंतीवर पडे आणि तिथून मऊ होऊन खोलीत येई. अण्णा त्या पेटीला 'संध्याकाळ' म्हणत. "संध्याकाळ लाव रे," असे ते सांगत, आणि भर रात्री आम्ही संध्याकाळ लावत असू.

घड्याळाचे काम आई करीत असे. अण्णांपाशी सेकंदकाट्याचे घड्याळ होते; परंतु एन्लार्जरखाली कागदावर नजर ठेवायची, एका हातात पुठ्ठा धरायचा आणि त्याच वेळी काट्याकडेही पाहायचे, हे एका माणसाला जमत नाही. म्हणून आई दाराबाहेर पाटावर बसून, मांडीवर भाजीचे सूप घेऊन मोजत असे: "एक गजानन, दोन गजानन, तीन गजानन..." नुसते आकडे मोजले तर माणूस घाई करतो. आकड्यापुढे चार अक्षरांचे नाव जोडले की सेकंद जवळजवळ बरोबर भरतो. आईला हे कोणी शिकवले ठाऊक नाही. मागाहून वाचनात आले, की अमेरिकेचे सुप्रसिद्ध छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हे मुळात पियानोवादनाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ असून अंधारखोलीत ते घड्याळाऐवजी मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारे यंत्र, वापरीत. हाताला आणि डोळ्याला काम असताना वेळ कानाने मोजावी, हे त्यांना जे कळले तेच आईला भाजी निवडता निवडता कळले होते. अण्णा अमीर खाँसाहेबांचे भक्त. पण त्यांच्या अतिविलंबित झूमऱ्यावर सेकंद मोजायचे म्हटले तर कागद काळाठिक्कर पडला असता, असे तेच हसून म्हणत.

आई बाहेरगावी गेली की तिच्या पाटावर ताई बसे. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा गजानन आईच्या गजाननाहून किंचित लांब होता आणि अण्णा तेवढ्यापुरते भिंगाचे छिद्र जुळवून घेत.

घरातल्या बायकांनी अंधारात बसून चित्रांना जन्म द्यावा, ही आपल्याकडची काही नवी गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हा दादरच्या त्यांच्या घरात कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतले. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे एका मराठी घरातला तो अंधार होता.

आता दिव्याविषयी. अंधारखोलीत लाल दिवा असतो एवढे सर्वांना सिनेमावरून ठाऊक असते, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. छायाचित्रणाची रसायने मुळात फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला बिचकतात. लाला दीनदयाळ १८६६ साली आपल्या इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि पुढे याच शहरात त्यांना कॅमेऱ्याची गोडी लागली. त्या काळच्या काचांना पिवळा किंवा नारिंगी उजेड दिसतच नसे. त्यानंतर १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले, की विशिष्ट रंग मिसळला तर काच हिरवा उजेडही ओळखू लागते. १९०६ च्या सुमारास सर्व रंग, लालसुद्धा, ओळखणाऱ्या काचा विलायतेत विक्रीस आल्या. तेव्हापासून कॅमेऱ्यातली नेहमीची फिल्म धुताना कोणताच दिवा चालत नाही. ती काळोखात चाचपडत डब्यात भरायची, झाकण लावायचे आणि मग खुशाल उजेडात बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत धुवायची. सेफलाइट, म्हणजे निर्धोक दिवा, हा केवळ कागदासाठी. कागद अजूनही लाल उजेडाला आंधळा आहे. मात्र हल्लीचा मल्टिग्रेड कागद हिरव्यालाही थोडा जागा असतो. त्यामुळे जुन्या पिवळट-हिरव्या काचा त्याला चालत नाहीत.

परंतु दिवा लाल दिसतो म्हणजे त्यातून फक्त लालच उजेड येतो, असे नाही. हे मला १९७७ च्या दिवाळीत ठाऊक असते तर!

त्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून 'संध्याकाळ' पडली आणि काच फुटली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. अण्णा काही बोलले नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणेच मला लागले. शिकवणीचे पहिले पैसे हाती आले त्या दिवशी मी बाजारात गेलो. छायाचित्रणाच्या सामानाच्या दुकानात तशी काच नव्हती. विजेच्या सामानाच्या दुकानात लाल झीरो बल्ब होता. त्याला झीरो म्हणतात, पण तो सुमारे पंधरा वॅट वीज घेतोच. काचेवर लाल रंग दिलेला, दिसायला अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा. तो मी घेतला आणि न्हाणीत, ट्रेच्या वर दोन हातांवर टांगला. उजेड भरपूर पडला. मला फार अभिमान वाटला.

अण्णा सावध माणूस. त्यांनी त्याची परीक्षा घेतली. कागदाचा एक कोरा तुकडा दिव्याखाली ठेवून त्यावर घराची किल्ली ठेवली, पाच मिनिटांनी तो तुकडा डेव्हलपरमध्ये टाकला. कागद पांढरा शुभ्र राहिला, किल्लीचा मागमूस उमटला नाही. "दिवा निर्दोष आहे," असा त्यांनी निर्वाळा दिला.

१९७८ च्या वैशाखात ताईचे लग्न झाले. अण्णांनी मुलीच्या बापाची सारी कर्तव्ये सांभाळून बारा फोटोंचा एक रोळ काढला. मंगलाष्टकांच्या वेळचा फोटो काढताना कॅमेरा माझ्या हातात दिला होता; पण अंतर आणि उजेड त्यांनीच आधी लावून ठेवला होता. वऱ्हाड गेल्यावर ते न्हाणीत शिरले. नातेवाइकांसाठी बऱ्याच प्रती हव्या होत्या, म्हणून पाच-सहा कागदांवर ओळीने एक्सपोजर देऊन ते सारे दिव्याखाली ठेवायचे आणि मग एकदम डेव्हलपरमध्ये सोडायचे, असे त्यांनी केले. प्रती निघाल्या त्या मळकट. काळे काळेच होते, पण जिथे पांढरे हवे तिथे राखेची छटा. अंतरपाट जणू महिनाभर न धुतलेला. त्यांनी डेव्हलपर बदलला, एक्सपोजर कमी केले, नवे पाकीट उघडले. राख गेली नाही.

मग त्यांनी विचार केला. तो असा: फोटोभोवतीची कोरी चौकट पांढरी स्वच्छ आहे, अर्थात कागद शिळा नाही, हायपो वाईट नाही. दिव्याची परीक्षा झालेलीच आहे. मग उरला कोण? उरलो मी. त्यांना तेव्हा नुकताच चाळशीचा चष्मा बदलून मिळाला होता. "नजर गेली, हात गेला," असे ते आईला म्हणाले. त्या प्रती त्यांनी तशाच वाटल्या आणि पावसाळ्यापूर्वी एन्लार्जर पेटाऱ्यात गेला. १९९१ साली ते वारले. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी कॅमेरा क्वचित हाती घेतला. न्हाणीत मात्र पुन्हा कधी संध्याकाळ लावली नाही.

हे सर्व मी नातीला सांगितले नव्हते. आम्ही दोघे घड्याळाच्या विचारात होतो. तिला अंकांचे इलेक्ट्रॉनिक टाइमर हवे होते आणि त्यांच्या किमती ऐकून मी गप्प होतो. मी तिला एक हिशेब करून दाखवला. एक्सपोजर चार सेकंदांचे असेल आणि मोजण्यात एका सेकंदाची चूक झाली, तर ती चूक चौथ्या हिश्शाची. फोटो वाया जातो. भिंगाचे छिद्र दोन घरे लहान केले की तेच काम सोळा सेकंदांचे होते, आणि एका सेकंदाची चूक सोळाव्या हिश्शाची राहते. ती डोळ्याला सहसा कळत नाही. महाग घड्याळ घेण्यापेक्षा लांब एक्सपोजर घ्यावे. आणि एन्लार्जरचा स्विच ओल्या हाताने चालू-बंद करीत बसण्यापेक्षा भिंगाखाली काळा पुठ्ठा धरावा, दिवा लावावा, श्वास स्थिर करावा, पुठ्ठा काढावा आणि मोजू लागावे.

ट्रेमधल्या वेळेला तर याहूनही कमी अचूकता पुरते. जुन्या पद्धतीच्या ब्रोमाइड कागदाला डेव्हलपरमध्ये दीड ते दोन मिनिटे लागतात, प्लॅस्टिकचा थर असलेल्या हल्लीच्या कागदाला एक मिनिट. तिथे टिकटिक करणारे गजराचे घड्याळ पुरते. उलट घड्याळापेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे. सारे तक्ते वीस अंशांचे असतात आणि आपल्या इंदूरच्या मे महिन्यात टाकीचे पाणी तिशीच्या वर जाते. आम्ही डेव्हलपरची बाटली माठातल्या पाण्यात उभी करतो.

फोनविषयी एक सावधगिरी. त्याचे घड्याळ उत्तम, पण त्याचा पडदा हा कागदाचा शत्रू. त्यातला उजेड बराचसा निळाच. तो कापडी पिशवीत पालथा घालून केवळ आवाजापुरता वापरावा. हाच न्याय न्हाणीतल्या इतर चोरट्या उजेडांना. गीझरचा दिवा, स्विचबोर्डावरचा ठिपका, डास पळवण्याच्या यंत्राचा हिरवा डोळा, बंद केल्यावरही काही वेळ मिणमिणणारी ट्यूब. अंधारात पाच मिनिटे नुसते उभे राहावे. मग एकेक चोर दिसू लागतो. आम्हांला सात सापडले.

दिवा ठरवायची वेळ आली तेव्हा पेटाऱ्यातला लाल बल्ब नातीने काढला, होल्डरला लावला आणि तो लागला. पंचेचाळीस वर्षांनी! तो वापरावा असे माझ्या मनात होते. पण तिने कुठूनसे परीक्षेची योग्य रीत वाचून काढली होती. ती किल्लीच्या रीतीहून एका गोष्टीत निराळी आहे. कोरा कागद दिव्याखाली ठेवायचा नाही. आधी काळोखात एन्लार्जरखाली त्याला एवढाच उजेड द्यायचा, की धुतल्यावर तो फिकट राखी होईल. मग त्यावर चार नाणी ओळीने ठेवायची, पहिले नाणे सोडून बाकीचा भाग पुठ्ठ्याने झाकायचा आणि दिवा लावायचा. दर दोन मिनिटांनी पुठ्ठा एकेक नाणे मागे सरकवायचा. आठ मिनिटांनी दिवा बंद करून कागद काळोखातच धुवायचा. ज्या नाण्याचे वर्तुळ दिसेल तितकी मिनिटे तो दिवा धोक्याची.

याचे कारण असे, की कागदाला एक उंबरठा असतो. कोऱ्या कागदावर थोडासा उजेड पडला तर तो उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो, काही दिसत नाही. रिकाम्या वाटीत दहा थेंब पडले तरी ती सांडत नाही. काठोकाठ भरलेल्या वाटीला एक थेंबही पुरतो. निगेटिव्हमधून आलेल्या उजेडाने कागदाचा जो भाग उंबरठ्यापर्यंत आला आहे, त्यावर दिव्याचा प्रत्येक थेंब उमटतो. म्हणून चौकट पांढरी राहते आणि चित्रातले पांढरे मात्र राख होते.

पाच रुपयांची चार नाणी आम्ही ठेवली. कागद धुऊन पांढरा दिवा लावला. चारही वर्तुळे स्पष्ट होती, दोन मिनिटांचेसुद्धा. नात म्हणाली, "आजोबा, हा दिवा बाद." मी तो ओला कागद हातात धरून उभा राहिलो. चित्रातले पांढरे राख आणि चौकट पांढरी! एवढ्या वर्षांत बल्बचा रंग थोडा उडाला असेल, अशी शंका मीच काढून पाहिली. पण कपाटातला ताईच्या लग्नाचा आल्बम साक्षीला होता. त्यातली प्रत्येक चौकट आजही पांढरी आहे. कागद शिळा असता तर तीही मळली असती. अण्णांनी ज्या पुराव्यावर दिव्याला सोडले आणि स्वतःला धरले, तोच पुरावा दिव्याविरुद्ध होता. त्यांची नजर गेली नव्हती. हातही गेला नव्हता. माझा बल्ब नको तितका जवळ होता, त्याचा रंग कच्चा होता, आणि त्याखाली कागद फार वेळ पडून होते.

दिवा आणि घड्याळ या दोन निरनिराळ्या वस्तू मी समजत होतो, त्या तशा नाहीत. नुसता निर्धोक असा दिवा नसतो. अमुक अंतरावर अमुक मिनिटे निर्धोक, एवढेच खरे. पंधरा वॅटची बत्ती आणि चार फुटांचे अंतर हा जुना दंडक आहे, तो पाळावा. आम्ही आता मुळातच लाल उजेड देणारा छोटा एलईडी दिवा घेतला आहे. पांढऱ्या दिव्यावर लाल प्लॅस्टिक चढवलेले दिवेही बाजारात मिळतात. ते घेऊ नयेत. आमचा दिवा अण्णांच्या रीतीने भिंतीकडे तोंड करून, छताजवळ लावला. नाण्यांच्या परीक्षेत तो आठ मिनिटांनाही उतरला. आमचे एका प्रतीचे काम चार मिनिटांत होते.

मग मंगलाष्टकांची निगेटिव्ह काढली. ताई आता बडोद्याला असते. नातीने तिला फोन करून एवढेच सांगितले, की आत्या आजी, तीस गजानन मोजून पाठवा. का, ते सांगितले नाही. ताईने पाठवले. आवाज थकला आहे, पण गजानन अजून तसाच किंचित लांब आहे. पिशवीत पालथा घातलेला फोन न्हाणीच्या दाराबाहेर, पाटावर ठेवला. बावीस गजाननांना मी पुठ्ठा भिंगाखाली धरला. डेव्हलपरमध्ये प्रथम नवरदेवाचा फेटा दिसू लागला, मग मुंडावळ्या आणि सर्वांत शेवटी अंतरपाट. तो पांढरा होता.

फोटो टपालाने बडोद्याला गेला. आठवड्याने ताईचा फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"अरे, माझ्याकडच्या फोटोत अंतरपाटावर काहीच नव्हतं," ती म्हणाली. "यात अक्षता दिसताहेत. उडताना."